सत्ताविसावा फेटा

कोल्हापूर, रविवार

आदरणीय बादशहामामू यांना भाचा शहजादचा सलाम. मुमानींच्या गुडघ्याला तेल लावणं चालू असेल आणि ते तुम्हीच लावत असाल अशी आशा आहे. आम्ही सगळे खुशाल आहोत. (हे वाक्य तुमच्या भाचसुनेचं, शमशादचं. ती म्हणाली, खुशालीचं आधी लिहा, म्हणजे मामूंचं बीपी जागेवर राहील.) फोनच केला असता, पण मुमानी फोन स्पीकरवर ठेवतात आणि मग निम्म्या आजऱ्याला ऐकू जातं. म्हणून हे पत्र एसटीच्या कंडक्टरकडे देतोय.

तुम्ही विचारलं होतं, फाउंड्रीतून एवढी माणसं काढली, मग तुलाच कसं ठेवलं? मामू, तुमच्या कृपेनं. लहानपणी कान पिळून तुम्ही मला कोल्हापुरी फेटा शिकवलात, त्यावर ही नोकरी टिकून आहे. स्टोअर सांभाळायला आता कॉम्प्युटर आहे, पण त्याला फेटा येत नाही. दुसऱ्या कंपन्या माणसाला नुसता नारळ देऊन मोकळ्या होतात. आमचे मालक उदयसिंह साहेब म्हणतात, आपल्या माणसाला घरी पाठवायचं तर मानानं पाठवायचं. त्यामुळे शुक्रवारी चार वाजता शाल, नारळ, फेटा, फोटो आणि मग गेट. आदल्या दिवशी एचआरच्या मोना मॅडमची (पुण्याहून आलेल्या, वयानं आमच्या लेकीएवढ्या, शिफाएवढ्या) मला चिठ्ठी येते : उद्या एक फेटा, नाव अमुक. सव्वा वर्षात सव्वीस बांधले. मान खाली गेलेल्या माणसाला फेटा बांधणं फार अवघड असतं, मामू. कापड पुढं सरकतं. हे तुम्ही शिकवलं नव्हतं. आणि आठव्या-नवव्या फेट्यापासून तुरा झकास उभा राहिला की मला बरं वाटायला लागलं, याची लाज वाटते.

सत्तरातले आम्ही चव्वेचाळीस उरलो, तेव्हा मॅडमना शंका आली की उरलेल्यांची निष्ठा कमी तर झाली नाही? त्यांनी फॉर्म वाटला : कंपनीवर तुमचं प्रेम किती, एक ते दहा. सगळ्यांनी दहा लिहिले. एकानं चुकून नऊ लिहिले होते, तो जेवणाच्या सुट्टीत परत जाऊन खाडाखोड करून आला. गेल्या वर्षी सगळे होते तेव्हा निष्ठा सात भरली होती, आता दहा. मॅडमनी त्याचा रंगीत तक्ता करून भिंतीला लावला. (या हिशेबानं कुणालाच ठेवलं नाही तर निष्ठा कुठल्या कुठं जाईल, पण मी बोललो नाही. हल्ली कुणीच बोलत नाही.) माणसं ताप अंगावर काढून कामाला येतात, मॅडम समोरून गेल्या की उगाच झाडू हातात घेतात. पूर्वी मशिनचा जरा वेगळा आवाज आला की चार जण ओरडत धावायचे. आता चौघांनाही ऐकू येत नाही. जो बिघाड दाखवतो तो नजरेत येतो, आणि नजरेत आला की त्याचं डोकं माझ्या हातात येतं.

मागच्या महिन्यात एका गुरुवारी चिठ्ठी आली : उद्या एक फेटा, बाळासो. बाळासो म्हणजे आमचा भट्टीवाला, बावीस वर्षांपासूनचा माझा डब्यातला जोडीदार. मला राहवलं नाही. स्टोअरमागं नेऊन त्याला सगळं सांगितलं आणि दोघं मिळून रडलो. शुक्रवारी मी कापड उलगडतोय तोवर मॅडमनी त्याच्या हातात माइक दिला, म्हणाल्या दोन शब्द बोला. बाळासो रात्रभर तयारी करून आला होता. "बावीस वर्सं भट्टीचा आवाज ऐकतोय. आठ दिस झालं, आतलं अस्तर गेलंय तिचं. सांगितलं न्हाय म्या. का सांगू? बोलंल त्याला फेटा बांधताय की तुमी! आन् ते धापैकी धा म्या न्हाय लिवलं सायेब, भीतीनं लिवलंय!" टाळी वाजली नाही. मॅडमनी टेबलावर झाकून ठेवलेल्या पाटीवरचा कागद काढला. पाटीवर सोनेरी अक्षरं होती : वर्षातील सर्वांत निष्ठावंत कामगार. तो सत्कार होता, मामू! मॅडमना सरप्राइज द्यायचं होतं.

साहेब तडक भट्टीकडं गेले. अस्तर खरंच गेलं होतं. आणखी चार दिवस चालवली असती तर लोखंडाचा रस पाळीवरच्या माणसांच्या अंगावर आला असता. बाळासोला आता हात लावायची सोय नाही, कारण पाटी त्याच्या नावाची आहे आणि भट्टीही त्यानंच वाचवली. मग मॅडमनी एकेकाला आत बोलावून विचारलं, त्याला आधी कुणी सांगितलं? गेला महिनाभर हेच चाललंय. त्रेचाळीस जणांपैकी एकानंही माझं नाव घेतलं नाही, त्या नऊवाल्यानंही नाही. निष्ठा मोजायचीच होती तर मॅडमनी त्या दिवसांत मोजायला हवी होती. (चिठ्ठी आपण एकालाच दिली होती, हे त्यांना परवा आठवलं.)

मुमानींना सलाम, पोरांना दुवा. काजू पाठवायची तसदी घेऊ नका. घेतलीतच तर तुकडा नको, अख्खे पाठवा.

तुमचा,
शहजाद

ता. क. : काजू कारखान्यातल्या तुमच्या हंबीररावांना स्टोअरला माणूस हवा आहे का, सहज विचारा. मी निष्ठावंत आहे असं मात्र सांगू नका, ते बिचकतील.

आणखी एक : या वेळी चिठ्ठी गुरुवारपर्यंत थांबली नाही, कालच आली. "शुक्रवारी एक फेटा. नवं कापड आणू नये, बाळासोचं शिल्लक आहे." नाव लिहिलेलं नाही.

शेवटचं : मामू, शुक्रवारी चारच्या आत कोल्हापुरात या. दुसऱ्याच्या डोक्यावर मी डोळे मिटून बांधतो, स्वतःच्या डोक्यावर मला अजून जमलेलं नाही. लग्नातही तुम्हीच बांधला होतात. आणि जरा घट्ट बांधा. मी मान ताठ ठेवायचा प्रयत्न करीन, पण भरवसा देत नाही.