तिच्यासाठी ठेवलेली जागा

प्रिय शिडी,

या नावानं तुला फक्त आमची भिंगरी हाक मारायची. आज मी मारतोय, रागावू नकोस. तुझं खरं नाव लिहून दोनदा कागद फाडला. त्या नावानं लिहिलं की एखाद्या गिऱ्हाइकाला चष्मा तयार झाल्याचं कळवतोय असं वाटायला लागलं.

हल्ली तू आमच्या दुकानावरून जात नाहीस. औषधाच्या दुकानापाशी आलीस की रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं जातेस, ते मला काउंटरवरून दिसतं. लांबचं मला अजून स्वच्छ दिसतं, जवळचंच तेवढं दिसत नाही. गेल्या आठवड्यात मी हात वर केला होता. तू बघितलंस आणि बघितलं नाहीस असं केलंस. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही, पण समजलं.

दुकान तसं बरं चाललंय. मागच्या खोलीत, जिथं तुम्ही दोघी बसायचात, तिथं आता फ्रेमचे खोके ठेवलेत. काकूनंच ठेवायला लावले. मी लेन्स घासायला बसलो की मशीनच्या आवाजात तुमचं बोलणं बुडायचं, आणि मशीन थांबलं की मधलंच एखादं वाक्य कानावर पडायचं. तुम्ही एकमेकींच्या पीएचडीच्या अर्जातली वाक्यं कापत बसायचात. ‘हे फार गोड झालंय, काढ,’ असं तू म्हणायचीस, आणि ती नंबर तपासायच्या खुर्चीत गरगर फिरत तुझ्याशी भांडायची. माझं इंग्रजी म्हणजे गिऱ्हाइकापुरतं. तरी तिचा विषय मला कळला होता. जुन्या कादंबऱ्यांतल्या मोलकरणी. दार उघडतात, दिवा आणून ठेवतात, एखादं वाक्य बोलतात आणि परत कुणी त्यांचं नावही काढत नाही. मी तिला विचारलं होतं, की अशा बायकांवर पाच-सहा वर्षं काय लिहिणार? ती म्हणाली, त्यांच्याकडे कुणी बघितलंच नाही ना बाबा, म्हणून तर. तुझा विषय मला कधीच नीट कळला नाही, जुन्या नाटकांतल्या हसण्याबद्दल काहीतरी होतं. ती मात्र म्हणायची, शिडीचा विषय माझ्यापेक्षा सरस आहे, फक्त तिला तो विकता येत नाही.

अर्ज गेल्यावर तुम्हाला दुसरं काही सुचत नव्हतं. प्राध्यापकांनी शिफारशी वेळेवर पाठवल्या असतील का, इथपासून सुरू व्हायचं ते आपल्याला कुणीच घेणार नाही, इथपर्यंत. काकू वैतागून म्हणायची, की बाळंतपणाची वाटसुद्धा माणसं एवढी बघत नाहीत. मग तो ताप आला. पहिले दिवस आपण सगळ्यांनी तो हसण्यावारी नेला, वाट बघून बघून पोरीला ताप भरला म्हणून. डॉक्टरांनी मेंदूज्वर म्हटलं तेव्हा ती इस्पितळात होती आणि तू बाहेरच्या बाकावर बसून होतीस. तिनं मेलचा पासवर्ड मला तिथंच सांगितला. शुद्धीत असली की विचारायची, बाबा, आलं का काही? काहीच आलं नव्हतं. मी तेच सांगायचो. शेवटी विचारलं तेव्हाही तेच सांगितलं. कधी कधी वाटतं, खोटं का नाही बोललो? एक शब्द तर बोलायचा होता.

ती गेल्यावर मेल उघडायचं खरं तर कारण नव्हतं. काकू म्हणाली, बंद करून टाका ते. पण मला जमेना. तिनं एवढी वाट बघितली, ती अर्धवट कशी सोडायची, असं काहीतरी डोक्यात बसलं. रोज सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर करून आत जायचं, दिवा लावायचा, आणि आधी तिचा मेल. पहिले दोन नकार आले तेव्हा मला राग आला. खरंच सांगतो, हातातला स्क्रूड्रायव्हर फेकला मी. माझ्या पोरीत काय कमी होतं म्हणून नको म्हणाले? दुसऱ्या नकाराच्या शेवटी लिहिलं होतं, पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छा. मग आणखी एक नकार आला. आणि मग एका सकाळी होकार आला. फी माफ, वर राहण्या-जेवण्याचे पैसे. एका प्राध्यापक बाईंनी वेगळा मेल लिहिला होता, की दिवा ठेवून जाणाऱ्या मोलकरणीवरची तुमची पानं मी विभागात सगळ्यांना वाचून दाखवली, तुम्ही इथंच या.

मी काकूला बोलावून ते वाचून दाखवलं. तिनं दुसऱ्यांदा वाचायला लावलं, मराठीतून. रडली नाही. उठून काउंटरपाशी गेली. तिथं एक बाई नवा चष्मा न्यायला आल्या होत्या, आपल्या ओळखीच्या नव्हेत. काकू त्यांना म्हणाली, “आमच्या मुलीला पीएचडीला घेतलं.” त्या बाईंना छान वाटलं. त्यांनी विचारलं, “अरे वा, मग कधी जाणार?”

काकू म्हणाली, “गेली.”

त्या बाई अभिनंदन करून, नव्या चष्म्यातून आमच्याकडे हसून बघत निघून गेल्या. दार बंद झालं तशी काकू आहे तिथंच खाली बसली, काउंटरच्या मागे, लेन्सच्या खोक्यांमध्ये. त्या दिवशी आम्ही दुकान उघडं ठेवलं, पण कुणाला काय विकलं ते मला आठवत नाही.

होकाराला उत्तर द्यावं लागतं हे मला ठाऊक होतं, तुमच्याच तोंडून ऐकलेलं. तुला बोलवावं असं मनात आलं, पण हे काम तुझ्यावर टाकायचा मला अधिकार नव्हता. काही दिवस नुसतेच गेले. तोवर ती जागा तिची होती ना, म्हणून. कुठंतरी एका देशात, एका इमारतीत, आमच्या पोरीसाठी एक खुर्ची ठेवलेली होती. मी उत्तर दिलं की ती उचलणार. शेवटी शब्दकोश घेऊन बसलो. संगणकावर नकाराचं कारण निवडायचं होतं. दुसरीकडे प्रवेश मिळाला, पैशाची अडचण, घरगुती कारण, इतर. मी ‘इतर’वर टिचकी मारली. प्राध्यापक बाईंना वेगळं लिहिलं, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, की माझी मुलगी येऊ शकत नाही, ती या जगात नाही. जागा दुसऱ्या कुणाला द्या, असंही लिहिलं. तिला जागा अडवून ठेवणं आवडत नसे. बसमध्ये कुणी रुमाल टाकून जागा धरली की भांडायची ती, तुला माहीतच आहे.

काल तुझी आई दुकानात आली होती. चष्म्याची काडी सैल झाली म्हणाली. स्क्रू व्यवस्थित घट्ट होता. मी तरी उगाच पिळत बसलो, आणि ती बोलत राहिली. तुझं नाव त्याच विभागाच्या प्रतीक्षायादीत होतं, आणि मी उत्तर पाठवल्यावर थोड्याच दिवसांत तुला बोलावणं आलं. तू हो म्हटलं नाहीस. मुदत संपत आलीय. मैत्रिणीच्या ताटातलं उचलून खायचं का, असं तू आईला विचारलंस म्हणे. म्हणून ती माझ्याकडे आली. खरं सांगू का? ती गेल्यावर मी शटर ओढून घेतलं आणि पोटभर रडलो. तुझ्यासाठी आनंद वगैरे काही झाला नाही मला. तू का, भिंगरी का नाही, एवढंच डोक्यात होतं. आज सकाळपर्यंत होतं. अजूनही थोडं आहे, आणि ते जाईल असं खोटं सांगत नाही. पण म्हणूनच माझ्या शब्दावर तू विश्वास ठेव. तीच जागा तुला मिळाली की दुसरी कुणाची, मला ठाऊक नाही. तिचीच असेल तर ती रिकामी मी केलीय, तू नाहीस. आणि तू नाही म्हणालीस तर ती आम्हाला परत मिळणार नाही, तिसऱ्याच कुणाला जाईल. पत्र मिळालं की दुसरं काही न करता त्यांना होकार कळव. निघताना आमच्याकडे भेटायला मात्र येऊ नकोस. हातात बॅग घेतलेली पोर दारात उभी राहिलेली काकूला बघवणार नाही, आणि मलाही. पोचलीस की फोन कर. काकू घेणार नाही, पण ती शेजारीच बसलेली असेल. जरा मोठ्यानं बोल.

तुझाच,
काका