सॉरीसाहेबांचं पाणी

४ एप्रिल

शी! परत तेच. सकाळी गमबूट घालून आमच्या धरणाखालच्या गोट्यांवर गेले, तर अंडी उन्हात. डिंक वाळावा तशी दगडांना चिकटलेली, वर माश्या घोंगावतायत. संध्याकाळी पाणी चढलं, मासळी बिचारी वर येऊन अंडी घालून गेली, आणि सकाळपर्यंत पाणी उतरलं. आठवडाभर पाणी एका पातळीवर राहिलं तर पिल्लं निघतात. एवढंच मागणं! त्यासाठी दोन देशांनी समिती नेमली, करार केला, आमच्या साहेबांनी सीमेपलीकडच्या, नदीवरच्या वरच्या धरणाच्या साहेबांना काचेचा मासा भेट दिला. तो तेवढा सुखरूप आहे.

वरच्या धरणावरच्या, माझ्यासारख्याच मत्स्य अधिकाऱ्याला फोन केला. नेहमीचंच — सॉरी मॅडम, काळजी घेऊ. मी त्याचं नावच सॉरीसाहेब ठेवलंय.

५ एप्रिल

नवऱ्याला विचारलं. आमच्या धरणाच्या कंट्रोल रूममध्ये संध्याकाळची पाळी त्याचीच. म्हणाला, वरचे सोडतात म्हणून आम्हालाही पुढे सोडावं लागतं, साठवायला जागा कुठंय? सासूबाई म्हणाल्या, "एवढा जीव टाकायला मासे काय तुझ्या माहेरचे आहेत?"

९ एप्रिल

परत अंडी वाळली. परत सॉरी.

१२ एप्रिल

आज फोनवर माझा तोल गेला. सॉरीसाहेबाला निर्लज्ज म्हटलं, खोटारडा म्हटलं, करारावरच्या तुमच्या सहीला काडीची किंमत नाही म्हटलं. सगळं ऐकून घेतलं त्यानं! गेंड्याची कातडी. अशा माणसांची किळस येते मला.

साहेबांना सांगितलं तर ते खूश. माफी मागितली ना त्यांनी? मग इतिवृत्तात घ्या, यालाच सहकार्य म्हणतात! आणि दात कोरत बसले.

१८ एप्रिल

समितीची वरच्या धरणावर सहल — पाहणी म्हणायचं. सॉरीसाहेब पहिल्यांदाच दिसला. माझ्या वडिलांच्या वयाचा, शर्टाचं गळ्यापर्यंत बटण लावलेला. मला बघून उठून उभा राहिला.

पॉवरहाऊसमध्ये नेलं. त्यांचं एकुलतं एक मशीन उघडून जमिनीवर मांडलेलं, सुट्या भागांवर धूळ. कधीपासून बंद? तर मार्चपासून. मार्चपासून! नदी येते तशी सांडव्यावरून जाते, चढ नाही की उतार नाही. त्याला बाजूला घेऊन विचारलं, मग माफी कशाची मागत होतात?

"आम्हाला तसं सांगितलंय, मॅडम. सहकार्याचं वातावरण आहे, वाद घालायचा नाही. खालचे काही म्हणाले तर सॉरी म्हणायचं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन्हीकडचे साहेब त्याच उघड्या मशीनसमोर फोटो काढून घेत होते. थुंकावंसं वाटलं.

आणि परतताना गाडीत डोक्यात आलं — वरचे पाणी चढवत नाहीत, तर संध्याकाळी चढतं ते कुणाचं?

१९ एप्रिल

आमचंच. नवऱ्यानं आधी टोलवाटोलवी केली, मग कबूल झाला. साहेबांचा तोंडी हुकूम आहे. दिवसभर पाणी अडवायचं, संध्याकाळी विजेला मागणी वाढली की सोडायचं. लेखी काही नाही. मी समितीत बोलले तर साहेब हात वर करणार आणि नोकरी याची जाणार. हे क्वार्टर, सासूबाईंचं औषधपाणी, सगळंच.

त्या म्हाताऱ्याला मी शिव्या घातल्या, तेव्हा हा पलीकडच्या खोलीत ऐकत होता! आज त्यानं चहा करून आणला. ओतून दिला मी. परक्याची किळस परवडली.

२० एप्रिल

उद्या समितीची बैठक. पाण्याचे आकडे वाचायला नवऱ्यालाही बोलावलंय — साहेबांना हवे ते आकडे. हंगाम संपत आला, उरलीसुरली अंडी वाचली तर आत्ताच वाचतील. बोलले तर घर उठतं. नाही बोलले तर… इकडे आड, तिकडे विहीर. नाही बोलणार बहुतेक. शी! मीही त्यांच्यातलीच.

२१ एप्रिल

सॉरीसाहेब माफी मागायला उभा राहिला. माझं तोंड उघडलं नाही. नवऱ्यानं हातातले आकडे टेबलावर पालथे ठेवले. म्हणाला, "त्यांना बसू द्या. पाणी मी सोडत होतो. कुणाच्या सांगण्यावरून, तेही सांगतो."