एक्स-रेची चिठ्ठी

भिलाई, शुक्रवार

प्रिय रोशनी,

आठ वर्षं तू माझ्या दवाखान्यात नर्स होतीस आणि आठ वर्षांत मी तुला नुसती 'रोशनी!' अशी हाक मारली, तीही कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत पोचेल अशी. त्यामुळे 'प्रिय' वाचून दचकू नकोस. फोन सोडून सरांना पत्राचं काय सुचलं, असंही वाटेल. ते सांगतो, पण आधी बातमी. कुम्हारीच्या आपल्या सत्यभामाबाई दुर्गला हॉस्पिटलात आहेत. न्यूमोनिया. आज चौथा दिवस, ऑक्सिजन अजून काढलेला नाही. मंगळवारी मीच त्यांना तपासलं होतं आणि छाती साफ आहे म्हणून घरी जायला सांगितलं होतं. आत्ता दुपारचे दोन वाजलेत, शटर अर्धं खाली ओढून बसलोय. मोबाईल डाव्या हातात घट्ट धरलाय. त्यांच्या मुलाचा, परागचा मेसेज आला तर त्याची थरथर तळहाताला कळेल. अक्षर तिरपं जातंय ते त्यामुळे.

गेल्या महिन्यात आम्हा डॉक्टर मंडळींच्या एका कार्यक्रमात मला भाषणाला बोलावलं होतं. विषय काय, तर खासगी दवाखान्यात स्टाफ आणि पेशंट यांच्याशी नातं कसं जोडावं. मी तर हरभऱ्याच्या झाडावरच चढलो. म्हटलं, माझा कवडू कंपाउंडर तीस वर्षं माझ्याकडे आहे. पेशंटची तिसरी पिढी येते. कुम्हारीच्या एक बाई वाटेतले दहा दवाखाने सोडून बसनं माझ्याकडे येतात. आणि मग तुझं उदाहरण दिलं. माझी एक नर्स होती, पेशंट आत यायच्या आधीच त्याच्या केसपेपरखाली एक्स-रेची चिठ्ठी लावून ठेवायची. मी छाती तपासून कागद उलटतो तर चिठ्ठी हजर, नुसती सही करायची! डॉक्टरच्या मनातलं ओळखणारा स्टाफ असा तयार करावा लागतो, म्हटलं. टाळ्या पडल्या. त्या तेवढ्या नीट ऐकू आल्या. एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ती नर्स आता कुठे आहे? मी सांगितलं, रायपूरला जास्त पगारावर गेली. तू मोहन नगरात घरीच बसलीयस, हे मला माहीत होतं.

दिवाळीनंतरचा तो सोमवार मी विसरलेलो नाही. तू दार लोटून घेतलंस आणि म्हणालीस, सर, एकदा कान दाखवून घ्या ना. हळू म्हणालीस, त्यामुळे तुला ते दोनदा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा ऐकल्यावर माझं डोकं फिरलं. मी दार सताड उघडलं आणि बाकावरच्या पंधरा माणसांसमोर ओरडलो, कान माझे आहेत, नोकरी तुझी आहे, आपापलं सांभाळ! तू महिना पुरा केलास, कपाटाची किल्ली कवडूच्या हातात दिलीस आणि गेलीस. मी साधं 'जपून जा' सुद्धा म्हटलं नाही.

माझी बाजू मांडत नाहीय, पण आपल्याकडे येतात कोण ते बघ. रसमड्याच्या कारखान्यांतली माणसं. दिवसभर मशीनच्या वर आवाज काढून बोलायची सवय, ती दवाखान्यातही सुटत नाही. सर्दी झालीय हेसुद्धा भांडायला आल्यासारखं सांगतात. अशा गलक्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाला आपलं ऐकणं कमी झालंय हे कळायचं कसं? घरी बायको टीव्हीच्या आवाजावरून कुरकुरायची, तर मी म्हणायचो, तुझेच कान तिखट झालेत.

मंगळवारी सत्यभामाबाई आल्या. दोन दिवस ताप, खोकला. मी स्टेथोस्कोप लावला, सवयीनं डोळे मिटले. सगळं शांत. वाफ घ्या, गोळ्या घ्या, काही काळजी नाही, असं सांगून पाठवलं. हल्ली मला सगळ्यांच्याच छात्या साफ ऐकू येतात गं. त्याचा अर्थ मला लागला नव्हता.

बुधवारी सकाळी पराग आला तो थेट पायांवर वाकला. म्हणाला, "सर, आपने टाईम पे भेज दिया, नाहीतर आईचं काही खरं नव्हतं!" मी कुणालाच कुठे पाठवलं नव्हतं. कवडूकडे बघितलं तर तो पुसलेल्याच बाटल्या पुन्हा पुसत होता. पराग गेल्यावर मी दार लावलं आणि त्याला समोर बसवलं. बाई बाहेर बाकावर धापा टाकत होत्या, ओठ निळसर दिसत होते, म्हणून यानंच रिक्षा बोलावली आणि सरांनी सांगितलंय असं म्हणून त्यांना दुर्गला धाडलं. मग तीस वर्षांत पहिल्यांदा तो माझ्याशी नजर वर करून बोलला. "आमाले सगळ्यायले मालूम होतं सर. पण तुमाले सांगन कोन? रोशनीनं सांगतलं, तं तिचं काय झालं थे पाह्यलंच आमी. अन् थ्या एक्स-रेच्या चिठ्ठ्या कायच्या मनातल्या सर? बीपी घेता घेता थे पोरगी छाती ऐकून घ्ये."

मला राग नाही आला रोशनी, भीती वाटली. इतकी वर्षं ज्याला मी नातं म्हणत होतो, त्यात माया होती हे खरं, पण मायेला माझा धाक चिकटलेला होता. तुम्ही सगळे मिळून मला सांभाळत होतात आणि मी तुम्हाला सांभाळल्याची भाषणं ठोकत होतो.

काल कान तपासून आलो. कागदावरची रेघ जिन्यासारखी खाली उतरत गेलीय. बारीक आवाज गेलेत, छातीतली करकर त्यातच. फोनवरचं तर निम्मं मी अंदाजानंच घेतो, म्हणून हे पत्र. मग रजिस्टर काढलं. तू गेल्यापासून खोकल्याचे एकतीस पेशंट मी छाती साफ म्हणून घरी पाठवलेत. बहुतेक बरे झाले असतील, असं मनाला सांगतो आणि एकेक नाव पुन्हा वाचतो. आज पाच वाजता दुर्गला जाऊन परागला खरं सांगणार आहे, की तुझ्या आईला मी नाही, कवडूनं पाठवलं. सकाळपासून त्या एका वाक्याची तालीम करतोय. बाईंना काही झालं तर त्याच्यासमोर कुठल्या तोंडानं उभा राहू?

आता पत्राचं कारण. परवा रविवारी त्या एकतीस जणांना बोलावतोय. मला छाती ऐकता येत नाही, हे मीच त्यांना सांगणार आहे. मग ऐकणार कोण? तू ये. नोकरीवर ये असं म्हणायला मला तोंड नाही, फक्त रविवारी ये. तुझा अपमान बाकासमोर केला होता, माफीही बाकासमोरच मागेन. तू माझ्या खुर्चीत बस, एकेकाची छाती ऐक, जरा शंका आली की चिठ्ठी माझ्याकडे पाठव. या वेळी ती कुणाच्या मनातली आहे हे माहीत असताना सही करीन. मी बाहेर कवडूच्या स्टुलावर बसून नावं पुकारतो, तेवढा आवाज आहे माझा. पत्र घेऊन कवडूच येतोय. येणार की नाही ते कागदावर लिहून दे, त्याच्याजवळ तोंडी निरोप ठेवू नकोस. 'नाही' असलं तर तो मला ते सांगणार नाही.

तुझाच,
हरिभाऊ डॉक्टर