नवव्या मजल्याचा खांब

सोमवार, ३ मार्च

पोहोचलो एकदाचा. ताई स्टेशनवर आली होती. मला बघून आधी हसली, मग डोळे पुसले, मग किती वाळलास म्हणून रागावली. तिच्या दोन खोल्यांपैकी स्वयंपाकाच्या खोलीत माझी पथारी. दाजींनी हातपाय धुवायलाही वेळ दिला नाही, थेट इमारत दाखवायला नेलं. अठरा मजल्यांची होणार आहे. एवढी उंच या शहरात पहिलीच. सध्या अकरा मजल्यांचा नुसता लोखंडी सांगाडा उभा आहे. भिंती नाहीत, आरपार आभाळ दिसतं. रस्त्यावर माणसं माना मागे टाकून बघत असतात. एक म्हातारा म्हणाला, वरच्याला शिंक आली तर खालच्यानं छत्री उघडायची का? आम्ही दोघं पोट धरून हसलो. दाजींनी पाठीवर थाप मारली तेव्हा माझे दात वाजले. म्हणाले, लोहाराचा पोरगा आहेस, विस्तवाला भिणार नाहीस. परवापासून कामाला.

बुधवार, ५ मार्च

लोखंडाच्या तुळया आणि खांब रिबिटांनी जोडायचे, हे आमचं काम. रिबिट म्हणजे जाड डोक्याचा बोटभर खिळा. टोळी चौघांची. भट्टीवाला रिबिट लालभडक तापवतो आणि चिमट्यानं माझ्याकडे फेकतो. मी ते पत्र्याच्या डब्यात झेलून भोकात घालतो. पलीकडून एक जण त्याच्या डोक्याला जड ठोकळा टेकवून धरतो, म्हणून त्या माणसाचं नावच टेकू. अलीकडून दाजी हवेवर चालणाऱ्या हातोड्यानं त्याचं टोक चेपतात. त्या हातोड्याचा आवाज असा, की शेजारचा बोंबलला तरी कळणार नाही.

नवव्या मजल्यावर दोन फळ्यांवर उभं राहून उडता निखारा झेलायचा! सकाळी मी सात रिबिटं पाडली, दुपारी दोन. भट्टीवाला म्हणाला, बायकोचा शब्द आणि माझं रिबिट, दोन्ही खाली पडू द्यायचं नाही. बडबड्या आहे. टेकू मात्र स्वतःच्या पायांकडेच बघत असतो.

माझ्या आधी या जागेवर एक डावखुरा होता. महिन्यापूर्वी भर दुपारी काम टाकून पळाला म्हणे. त्याचाच डबा मला मिळालाय.

शनिवार, ८ मार्च

आज एकही पाडलं नाही. ताईनं कौतुकानं दोनदा विचारलं, खरंच?

फाटकाशी रोज एक बाई उभी असते. डावखुऱ्याची बायको. येणाऱ्याजाणाऱ्याला नवऱ्याबद्दल विचारते. आज मला म्हणाली, "पळून जाणारा माणूस अर्धं जेवण टाकून जाईल का हो? जेवणाचा डबा तेवढा घरी आला." टेकू तिला बघून भिंतीच्या कडेनं गेला. दाजी म्हणाले, नवऱ्यानं काढता पाय घेतला हे बायकोच्या गळी उतरायला वेळ लागतो.

मंगळवार, ११ मार्च

कोपऱ्यातला खांब चार जाड पत्र्यांचा आहे, पेटीसारखा. आतून पोकळ, माणूस उभा मावेल एवढा. जेवणाच्या सुट्टीत हातोडा थांबल्यावर मी त्याला पाठ टेकून बसलो होतो. आतून ठोका आला. मग आणखी दोन.

मी चिमट्यानं दोनदा वाजवलं. आतून दोनदा आलं. चारदा वाजवलं. चारदा आलं.

टेकूला सांगितलं तर खाल्लेलं सगळं ओकला. भट्टीवाला म्हणाला, उन्हानं तापलं की लोखंड कुरकुरतं. अरे, मी लोहाराचा पोरगा. लोखंड कुरकुरतं; मोजत नाही.

शुक्रवार, १४ मार्च

टेकू गेला.

सकाळी त्या खांबापासून दोन हातांवर उभा होता. बंदुकीसारखा आवाज झाला. खांबातलं एक जुनं, थंड रिबिट आपोआप सुटलं आणि त्याच्या गळ्यातून आरपार गेलं. दोन्ही हातांनी गळा दाबून तो खाली बसला. बोटांच्या फटींतून रक्त उडत होतं, माझ्या तोंडावर, डब्यावर. काहीतरी सांगायचं होतं त्याला. तोंडातून फक्त बुडबुडे आले.

लोखंडात चेपलेलं रिबिट बाहेर येतं ते छिन्नीनं डोकं उडवल्यावर. आपोआप नाही. मुकादमानं अपघात म्हणून लिहून घेतलं. दाजींनी त्या भोकात लगेच नवं रिबिट मारलं. टेकूचं रक्त अजून ओलं होतं.

सोमवार, १७ मार्च

भट्टीवाल्यानं सगळं सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत, माझं मनगट घट्ट धरून.

डावखुऱ्यानं इंजिनियरला सांगितलं होतं, की दाजींनी मारलेली चाळीस रिबिटं सैल आहेत. इंजिनियरनं सगळ्यांसमोर दाजींना ती काढायला लावली. दुसऱ्या दिवशी दुपारी नवव्या मजल्यावर दाजींनी डावखुऱ्याच्या गुडघ्यांवर घण घातला. त्या खांबाचा चौथा पत्रा तेव्हा बसायचा होता. डावखुरा मागच्या मागे आत पडला आणि आतल्या आडव्या पट्टीवर अडकला. पाय मोडलेले, पण शुद्धीत. म्हणत होता, बाहेर काढा, मी कुणाला सांगणार नाही.

दाजी म्हणाले, पत्रा उचला. घण हातात होताच.

बत्तीस रिबिटं. सहाव्या भोकातून त्यानं बोट बाहेर काढलं. दाजींनी त्याच भोकात रिबिट घातलं.

भट्टीवाला म्हणाला, "मी पांढरं होईपर्यंत तापवून दिलं रे. म्हटलं, लवकर संपेल त्याचं."

हे माझे दाजी. ताई रोज त्यांचं ताट वाढते.

मंगळवार, १८ मार्च

भट्टीवालाही गेला.

भट्टीवर वाकला होता. एकदम कुणीतरी मान दाबल्यासारखं त्याचं तोंड निखाऱ्यांत गेलं. हात झाडत होता, किंकाळी आतल्या आत. मी आणि दाजी, दोघांनी कमरेला धरून ओढलं. भट्टीपलीकडे कुणी नव्हतं, आणि तरी पलीकडून कुणीतरी आमच्यापेक्षा जोरात ओढत होतं. केसांचा, कातडीचा वास. सुटला तेव्हा चेहरा उरला नव्हता. मानेवर बोटांचे काळे वळ होते. दाजींनी त्याची कॉलर वर ओढून ते झाकले, हे मी पाहिलं.

आणि मी पाहिलं, हे त्यांनी पाहिलं.

गुरुवार, २० मार्च

दाजींनी विचारलं, भट्टीवाला मरायच्या आधी काय बोलला. म्हटलं, काही नाही. त्यांनी ताईला बोलावलं, माझ्यासमोर तिचा हात पिरगाळला आणि मला पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हटलं, काही नाही. हाड मोडल्याचा आवाज झाला.

ताई ओरडली नाही. माझ्याकडे बघून नुसती मान हलवली — सांगू नकोस.

शनिवार, २२ मार्च

मुकादमाला सांगितलं. हसला. म्हणाला, खांब उघडायचा तर वरचे दोन मजले उतरवावे लागतील, तुझ्या भुतासाठी? उद्या घरी झोप काढ.

फाटकाशी गेलो. डावखुऱ्याच्या बायकोला म्हटलं, उद्या रविवार, वर कुणी नसेल. मी त्यांना आणतो. तिनं जिवंत की मेलेले, हे विचारलं नाही. नुसती खाली बसली.

खांब आता दिवसभर वाजतो. नव्या माणसांना ऐकू येत नाही. दाजींना येतं.

रविवार, २३ मार्च

सकाळ. नववा मजला. छिन्नी, हातोडा, दोर आणलाय. रिबिटांची डोकी उडवतोय. एक उडवलं की आतून एक ठोका. अकरा झाली.

—

अठ्ठावीस. हात सोललेत. सहाव्या भोकातलं रिबिट निघालं तेव्हा मागे बोटाचं हाड चिकटून आलं. रुमालात बांधलं. तिला देईन — काय देणार, हे?

—

शिडी वाजते. दाजी.

—

जमेल तसं लिहितो.

दाजींनी घण घातला, माझ्या बरगड्या गेल्या. दुसरा घाव पत्र्यावर बसला, उरलेली रिबिटं तुटली, पत्रा खाली गेला. आत कुणी नाही. आडवी पट्टी मोडलेली, खाली काळी विहीर. पत्र्याच्या आतल्या बाजूला नखांच्या रेघा. दाजी हसले. बघायला वाकले.

आतून हात आला. कोपरापर्यंत काळा. दाजींचा जबडा धरला आणि ओढलं. खांबाच्या कडेवर डोकं आपटलं, एकदा, दोनदा, चारदा — दात माझ्या पायाशी पडले — मग आत.

दाजी सातव्या मजल्याच्या आसपास अडकलेत. जिवंत आहेत. म्हणतात, बाहेर काढ. कुणाला काही करणार नाही.

—

खाली ताई आलीये. हात गळ्यात बांधलेला. डावखुऱ्याच्या बायकोशेजारी उभी आहे. दोघी वर बघतायत.

निघून गेलो तर कुणाला कळणार नाही. पत्रा नाही, पण फळ्या आहेत, झाकता येईल. दाजी हाका मारतायत. ताईचं नाव घेऊन.

मी त्यांच्यासारखा नाही. नाही.

—

दोर सोडला. धरला, म्हणाले. दोन हात वर आला, पुढे ओढवेना. तुळईला वेढे देऊन बांधलाय. दम खातो, मग —

दोर हलतोय. हातावर हात टाकत वर येतायत. मी म्हटलं, दाजी, सावकाश.

दाजी ओरडले. खालूनच. सातव्यावरूनच. दोर मघाशीच सुटला हातातून, परत सोड, म्हणून —

दोर ताठ आहे. कुणीतरी आठव्याच्या वर —