दहाच्या सुमारास

यज्द, ८ तीर

प्रिय खोसरो दादाश,
सलाम वि. वि. आम्ही मायलेकी खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. उन्हाने जीव नकोसा केलाय. त्यात तुझा तो प्लग पॉइंट! अंगणात, बाहेरच्या दाराच्या चौकटीला लागून गुडघाभर उंचीवर तू बसवलेला. रोज सकाळी ट्रिप होतो, कूलर बंद पडतो आणि आईला धाप लागते. डॉक्टरांनी बजावलंय की तिला गारव्यात ठेवा, तिच्या हृदयाला हा उन्हाळा झेपणार नाही. मी स्विच वर करते, तो पडतो. दुपार झाली की निमूट टिकतो, नवऱ्या मुलासारखा.

गल्लीतला वायरमन उस्ता गोलाम बघून गेला. म्हणाला, मधला स्विच काढून तार सरळ जोडतो, कटकट नको. मी म्हटलं, आमचा वायरमन हॅम्बुर्गला असतो, त्याला विचारते. तर म्हणतो कसा, जो अकरा वर्षांत घरी आला नाही तो पॉइंट काय दुरुस्त करणार! मला राग आला.

तुझे तिथे राहायचे कागद होऊन दोन वर्षं झाली. आई विचारते, कधी येतोस. फोनवर ती नुसती रडते, तेव्हा पत्रातच लिही.
लोभ असू दे.
महीन

हॅम्बुर्ग, २२ तीर

चि. महीन आबजीस,
अ. आ. गोलामला सांग, त्या स्विचला हात लावलास तर तुझी खैर नाही. स्विच बिघडलेला नाही, तो त्याचं काम करतोय. कुठेतरी करंट गळतोय. आई तिथे अनवाणी वावरते, एवढं तरी त्या शहाण्याला कळायला हवं.

आधी कूलरचा प्लग काढ आणि स्विच वर कर. टिकला तर दोष कूलरचा, पडला तर पॉइंटचा. मग मेन बंद करून (मेन, महीन! धांदरटपणा नको) झाकण उघड. आत ओल आहे का, मुंग्या आहेत का बघ. आणि किती वाजता पडतो ते आठवडाभर वहीत लिही. वेळ कळली की निम्मं काम झालं.

येण्याचं म्हणशील, तर लढाईच्या वेळी सैन्यभरती चुकवून पळालेला माणूस मी. विमानतळावर अडवतील ही धास्ती अजून जात नाही. नौरोजला, नव्या वर्षाला, बघू. आईला कूलरसमोरून हलू देऊ नकोस.
माझ्या वतीने आईचा हात डोळ्यांना लाव.
खोसरो

यज्द, १६ मुरदाद

प्रिय दादाश,
सलाम वि. वि. सापडलं एकदाचं. कूलर काढला तरी स्विच पडला. मेन बंद केला, पुन्हा जाऊन खात्री केली, मग झाकण उघडलं. आत पाणी! इथे चार महिन्यांत पावसाचा थेंब नाही, नळ अंगणाच्या पार त्या टोकाला. वहीत सातही दिवस एकच वेळ, दहाच्या सुमारास. म्हणजे आई मला नान आणायला पिटाळते तेव्हा.

आज मी रांगेत गेलेच नाही, गल्लीच्या वळणावर थांबले. आई दारात आली. हातात तांब्याची वाटी, पाण्यात एक हिरवं पान. प्रवासाला निघालेला सुखरूप परत यावा म्हणून त्याच्या पाठीमागे ओततात ना, तसं तिने पाणी फेकलं.

तू गेलास तेव्हा ती नानच्या रांगेत होती. न सांगता गेलास, तुझ्यामागे पाणी पडलं नाही, म्हणून तुला वाट सापडत नाही असं ती म्हणते. अकरा वर्षं रोज ओततेय, दादाश! मी कधी शाळेत शिकायला, पुढे शिकवायला गेलेली, कधी तिनेच बाहेर घालवलेली. आजवर पाणी गल्लीत पडायचं. या वसंतात तिचा खांदा आखडला. हात पुरता वर जात नाही, पाणी चौकटीवर आपटतं आणि पॉइंटमध्ये उतरतं.

मी फार वाईट बोलले. ज्याच्यासाठी ओततेस तो येत नाही आणि तुझा जीव मात्र जाईल, असं ओरडले. तिने वाटी पुसून फळीवर ठेवली. आता काय करू, लवकर लिही.
तुझी,
महीन

हॅम्बुर्ग, २६ मुरदाद

चि. महीन आबजीस,
अ. आ. तिला का बोललीस गं? चूक माझी आहे, पॉइंट इतका खाली मी बसवला. गोलामकडून तो खिडकीच्या वर घे, पावसाळी झाकण लाव. पण तिला ओतू दे. तिचा हात वर जात नसेल तर तू खालून आधार दे.

असल्या गोष्टींना मी इथे चारचौघांत हसायचो. तुझं पत्र वाचलं आणि दोन दिवस कामावर जाववलं नाही. मेहरच्या दहा तारखेचं, दीड महिन्यानंतरचं, तिकीट काढलंय. अडवायचं तर अडवू देत. तिला सांग, मी निघालो.
खोसरो

यज्द, २० शहरीवर

प्रिय दादाश,
सलाम. परवा फोनवर तू विचारलंस की शेवटी आई काय म्हणाली. मला बोलवेना, म्हणून लिहिते.

मी ओरडले त्यानंतर तिने वाटीला हात लावला नाही. अठरा दिवस कूलर एकदाही बंद पडला नाही. अठरा दिवस ती त्याच्यासमोर बसून होती आणि रोज थोडी थोडी खचत होती. या महिन्याच्या दोन तारखेला म्हणाली की महीन, आता तो यायचा नाही. तीन तारखेला गेली. तुझं तिकिटाचं पत्र सात तारखेला आलं. मी तिला जगवायला निघाले होते रे. हे मला जन्मभर पुरेल.

फोन ठेवताना तू म्हणालास, आता येऊन काय करू, तिकीट परत करतो. दादाश, तुझ्या पत्रांत आईची चौकशी असते, पॉइंटची असते. तू गेलास तेव्हा मी बारा वर्षांची होते. त्या दिवशी शाळेतून आले तर तुझी खाट रिकामी. वाट मीही पाहिली. मी कशी आहे, हे अकरा वर्षांत तू एकदाही विचारलं नाहीस.

आता या घरात मी एकटी आहे. तिकीट परत करू नकोस. लोभाबिभाचं तू आल्यावर बघू.
महीन