पाइप कुठे संपतो

बकहॉर्न, नॉर्थ कॅरोलिना
१४ ऑगस्ट १९७२

ती. ओपलताईंना लॉरीनचा सा. न.

परवा शनिवारची मोटारशर्यत डॉईल पुन्हा जिंकला. झेंडा दाखवणाऱ्या होबार्ट टीगनेच सांगितलं, की दुसरा आलेला कोय प्रुइट अख्खी एक फेरी मागे होता. या उन्हाळ्यात आमच्या ट्रॅकवर दुसरं कोणी जिंकलेलंच नाही. लोकांनी हुर्यो उडवली. ते तिकीट काढून येतात तेच मुळी हा हरताना बघायला. तुमच्या भावाला त्याचीच गंमत. म्हणतो, शिव्या देतायत म्हणजे अजून विसरले नाहीत.

मी नेहमीप्रमाणे मोजणीच्या मचाणावर होते. बाबांच्या फेऱ्या मोजायला तुम्ही बसायचात, ती फळी अजून तशीच डुगडुगते. गाडी समोरून गेली की घड्याळ बघून वेळ मांडायची. घरच्या गाडीला टाळ्या वाजवायलाही हात मोकळा नाही. शेवटचा झेंडा पडला, मी पेन्सिल खाली ठेवली आणि डॉईल पुन्हा समोरून गेला. सुसाट. मग आणखी एकदा. शेजारच्या डॉट प्रुइटने टोमणा मारला, की एवढ्याने भागत नसेल तर पुढच्या शनिवारच्या फेऱ्याही आजच उरकून घे म्हणावं त्याला. सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. प्रेक्षकांना वाटलं, काय ही मिजास!

गाडी थांबल्यावर तो बराच वेळ बाहेरच आला नाही. आला तो ट्रकमागे जाऊन ओकला. सँडविच बाधलं म्हणे. तेच सँडविच मीही खाल्लं होतं, ताई. रविवारी चर्चमध्ये डोकं धरून बसला होता, आणि भजन चालू असताना मला हळूच विचारलं, आजची शर्यत किती वाजता आहे. गाडीचं काम बघणारा रे आहे ना, त्याला हे सांगितलं, तर तो म्हणाला, वहिनी, जिंकणाऱ्याला थोडी नशा चढायचीच.

माझा पाय घरात ठरत नाही. भांडी घासलेलीच पुन्हा घासते. तुम्ही काय ते लिहा.

तुमची आठवण काढणारी,
लॉरीन


अ‍ॅक्रन, ओहायो
१८ ऑगस्ट १९७२

चि. सौ. लॉरीनला आशीर्वाद.

डॉटला सांग, तिचा नवरा गेल्या शनिवारच्याच फेऱ्या अजून पुऱ्या करतोय, आधी त्याला घरी आण.

आता नीट वाच. गाडीतून उतरला तेव्हा डॉईलचं तोंड लालबुंद होतं का? आणि एकदा गाडीखाली शिरून बघ, धुराचा पाइप कुठे संपतो.

गेल्या वर्षी थंडीत आमचे हे गॅरेजचं दार लावून, इंजिन चालू ठेवून काम करत बसले होते. मला सापडले तेव्हा गाल असे लाल, की वाटावं माणूस नुकता फिरून आलाय. टायर कारखान्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, धुराचा वास येतो, त्यातल्या विषाचा येत नाही. क्लाइड वाचले. पण कारखान्याने त्यांना यंत्रावरून काढून झाडलोटीला लावलंय. कॉफी झाली का, हे मला रोज सकाळी दोनदा विचारतात. मी दोन्ही वेळा हो म्हणते.

रेला काही विचारत बसू नकोस. तू स्वतः बघ.

तुझ्या पत्राच्या वाटेकडे डोळे लावून,
ओपलताई


बकहॉर्न
२४ ऑगस्ट १९७२

ताईस डॉईलचा नमस्कार.

क्लाइडभावजींची तब्येत कशी आहे?

लॉरीनच्या डोक्यात काय भरवलंस? चर्चच्या कपड्यांत बॅटरी घेऊन गाडीखाली शिरली आणि बाहेर आली ती रडतच. हो, पाइप माझ्या सीटखाली संपतो. रेने मुद्दाम कापलाय. वजन कमी होतं, इंजिन मोकळा श्वास घेतं. प्रुइटने तक्रार करून आमची गाडी दोनदा उघडायला लावली, तपासनिसांना नियमाबाहेरचं काही सापडलं नाही. सीटखालच्या पत्र्याला भोकं आहेत, पण कुठल्या गाडीला नसतात? पाइप मागच्या बंपरपर्यंत नेला तर प्रुइट माझ्या शेपटीला चिकटेल. मग डॉटचे टोमणे ऐकायचे.

शनिवारी पन्नास फेऱ्या असतात. लेबर डेला, सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, तीनशे आहेत. ही एकच शर्यत बाबांना कधी जिंकता आली नाही, हे तुला मी सांगायला नको. आणि लॉरीन म्हणते, पाइप असाच राहिला तर ती मचाणावर चढणार नाही! घरचं मोजणारं माणूस नसेल तर गाडी आत घेत नाहीत. गावातल्या बाकीच्या बायका त्यांच्या त्यांच्या नवऱ्यांच्या फेऱ्या मोजणार, आणि माझ्यासाठी तर कोणी पैसे घेऊनसुद्धा बसणार नाही.

तू ये. तुझ्याइतकं अचूक कोणी मोजलेलं नाही. डोकं थोडं दुखतं, ते उन्हाने.

ताई, नाही म्हणू नकोस. क्लाइडभावजींची तब्येत कशी आहे ते कळव.

तुझा,
डॉईल


अ‍ॅक्रन
२८ ऑगस्ट १९७२

चि. डॉईलला आशीर्वाद.

येते. रविवारी संध्याकाळच्या बसने पोचते. क्लाइडनासुद्धा आणते आहे. त्यांची तब्येत तू एका पत्रात दोनदा विचारलीस. तेही असंच विचारतात. समोरासमोर बसा आणि एकमेकांना विचारा.

बाबा ती शर्यत हरले त्या प्रत्येक वर्षी मी मचाणावर होते. हरून घरी यायचे आणि दोन ताटं जेवायचे. ते जेवण मला त्यांच्या सगळ्या करंडकांहून जास्त आठवतं.

सोमवारी सकाळी मी गाडीखाली शिरेन. पाइप मागच्या बंपरबाहेर निघालेला दिसला, पत्र्याची भोकं बुजलेली दिसली, तर मी मचाणावर बसेन आणि तू दुसरा, तिसरा, शेवटचा आलास तरी तुझी एकेक फेरी मांडेन. नाही दिसला, तर मी आणि लॉरीन दोघी मचाणाखाली खुर्च्या टाकून बसू, पेन्सिली पर्समध्ये. तुझी गाडी फाटकाबाहेर उभी राहील आणि डॉटला हवं तेवढं हसू दे.

रेलाही हे पत्र वाचून दाखव. वेल्डिंगला त्याच्याकडे अजून वेळ आहे.

रागावलास तरी आपली म्हणशील, या भरवशावर,
तुझी ताई

ता. क. बसस्टँडवर घ्यायला ये, पण गाडी लॉरीन चालवेल.