डाव्या बाजूची सायकल

३ नोव्हेंबर
आज ट्रक अगदी कोपराला घासून गेला! हँडल घट्ट धरलं आणि डोळे मिटले. मिटायचे नव्हते. इस्पितळाच्या शिवणखोलीत पोचले, तर सुईत दोरा जाईना. शेजारच्या मशीनवरची म्हणाली, "बाई गं, रिक्षाने येत जा की." सकाळी साडेसहाला कुठली रिक्षा!

ह्यांना सांगितलं नाही. दिवसभर बस चालवून घरी येतात तेच सायकलवाल्यांच्या नावाने खडे फोडत.

४ नोव्हेंबर
कडेकडेने गेले. कडेला खड्डे, गटाराची झाकणं, उभ्या गाड्यांची उघडणारी दारं. जायचं तरी कुठून?

७ नोव्हेंबर
कोपर दिसलंच त्यांना. दार लागलं म्हटलं. "दाराला ग्रीस असतं होय? बाही बघ." मग भांडण. मग जेवण. हात धुताना म्हणाले, "उद्या सुट्टी आहे ना तुला? सायकल घेऊन डेपोत ये."

८ नोव्हेंबर
डेपोत मला बसच्या स्टिअरिंगमागे बसवलं. केवढं उंच! माझी सायकल घेऊन हे खाली डावीकडे जाऊन उभे राहिले. "दिसतोय का?" नुसता आवाज. आरशात पाहिलं, काचेतून पाहिलं, मान वाकडी केली. नवरा गायब! खाली उतरून बघते तर चाकाला अगदी खेटून उभे.

म्हणाले, "मोठी गाडी वळत असली की तिच्या डावीकडे शिरायचं नाही. मागे थांबायचं. कडेला चिकटू नकोस, जरा आत चालव, लोकांना दिसू दे. आणि ड्रायव्हरने आपल्याला बघितलंय असं कधीच समजू नकोस."
"तुमच्या बाबतीतसुद्धा?"
"माझ्यासुद्धा."
लग्नाला पंधरा वर्षं झाली, इतकं सलग कधी बोलले नव्हते.

१२ नोव्हेंबर
कडेपासून हातभर आत. मागून हॉर्नवर हॉर्न. वाजवा! वाजवताय म्हणजे दिसतेय तरी मी. तळहात मात्र घामाने ओले.

१४ नोव्हेंबर
चौकात ट्रक वळत होता. शेजारून निसटायला जागा होती — थांबले. मागचा ओरडला, "अहो ताई, झोपलात का?" ओरडू दे.

१९ नोव्हेंबर
दुपारी ह्यांच्या कंडक्टरचा फोन. वळताना बसच्या डावीकडे सायकल आली. कोणी बाई होती. वाचली, पाय मोडलाय. हे उडी टाकून खाली उतरले म्हणे, चाकाजवळ गुडघे टेकले आणि हाका मारत सुटले — माझ्या नावाने.